सोलापुरातून नर्सिंगची पीएचडी : फॉर्म भरण्याआधी आणि वर्गात उभं राहिल्यावर

एमएस्सी नर्सिंग झालं, कुठेतरी ट्यूटर म्हणून लागलं, एक-दोन बॅचेस शिकवून झाल्या की पीएचडीचा विषय निघतोच. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, फॉर्म कधी सुटणार?" माझ्या मते हा चौथा प्रश्न आहे. आधी संशोधनाचा प्रश्न, मग गाईड, मग विद्यापीठ आणि त्यानंतर फॉर्म. आपल्याकडे बहुतेकजण हा क्रम उलटा लावतात. प्रवेश मिळतो, मग गाईड वाट्याला येतो, मग त्यांच्या आवडीचा विषय वाट्याला येतो आणि पुढची पाच-सहा वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातात. हा लेख सोलापूर आणि आसपास नोकरी करत पीएचडीचा विचार करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी आहे.

आधी हिशेब स्वच्छ करा

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत नर्सिंग कॉलेजातल्या वरच्या पदांसाठी एमएस्सी आणि अनुभवाची वर्षं मोजली जातात. सहायक प्राध्यापकाला शिकवण्याचा ३ वर्षांचा अनुभव, सहयोगी प्राध्यापकाला ८ वर्षांचा अनुभव आणि त्यातली ५ वर्षं शिकवण्याची, प्राध्यापकाला १२ वर्षांचा आणि त्यातली १० वर्षं शिकवण्याची. पीएचडी या यादीत 'वांछनीय' म्हणून येते. त्यामुळे नुसती पदवी घेऊन आलात आणि शिकवण्याची वर्षं भरलेली नसतील, तर वरची खुर्ची मिळत नाही. म्हणून पूर्णवेळ पीएचडीसाठी नोकरी सोडण्याआधी ही वर्षं हातात किती आहेत ते मोजा. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या कौन्सिलची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, तेव्हा कुठलाही निकष वाचताना त्या परिपत्रकाची तारीख आधी बघायची सवय लावून घ्या.

मग पीएचडी करायची कशाला? पुढे स्वतः गाईड होता यावं, संशोधनासाठी निधी मागता यावा, विद्यापीठाच्या समित्यांवर नर्सिंगच्या वतीने बोलता यावं, आणि वॉर्डात वर्षानुवर्षं चालत आलेल्या एखाद्या पद्धतीबद्दल "हे असंच का?" असं पुराव्यानिशी विचारता यावं म्हणून. यातलं एकही कारण तुम्हाला आपलं वाटत नसेल, तर वाट जरा पाहिलेली बरी. नावापुढे डॉक्टर लागण्याचा आनंद खरा असतो, पण तिसऱ्या वर्षी रात्रपाळी करून डेटा एन्ट्रीला बसताना तो पुरत नाही.

प्रश्न कुठे सापडतो

आपल्या नर्सिंगच्या प्रबंधांचा एक साचा झालाय : अमुक गटाच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता. प्रश्नावली दिली, तासभर शिकवलं, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा दिली, गुण वाढले. वाढणारच! शिकवल्यावर माणसाला थोडं जास्त येतं, हे सिद्ध करायला पीएचडी लागत नाही. एमएस्सीला वेळ कमी असतो म्हणून ते चालून गेलं. पीएचडीला परीक्षक विचारणार की त्या ज्ञानाने रुग्णाचं काय बदललं? जखम लवकर भरली का, शुगर खाली आली का, बाळ नीट अंगावर पिऊ लागलं का, पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ टळली का? मोजण्याजोगी अशी एखादी गोष्ट रुग्णाच्या बाजूने धरा आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवा.

सोलापुरात असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटाटात आयुष्य काढलेल्या माणसांचे कान आणि छाती बघा. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची पाठ, मान आणि तंबाखूची धूळ बघा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर जातो, तेव्हा म्हातारी माणसं आणि बाळंतिणी पत्र्याच्या घरात दिवस कसा काढतात? आषाढीला पंढरपुरात मधुमेह असलेले वारकरी शेकडो किलोमीटर चालून येतात, त्यांच्या पायांची निगा वाटेत कोण आणि कशी घेतं? साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोड कुटुंबातल्या गरोदर बाईची तपासणी कुठल्या आठवड्यात चुकते? यातला प्रत्येक विषय एकेका प्रबंधाचा आहे, आणि प्रत्येकात परिचारिकेला करण्यासारखं काहीतरी ठोस आहे.

ज्यांना वाटतं की मोठं संशोधन पुण्या-मुंबईतच होतं, त्यांनी बार्शीकडे बघावं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते वेगवेगळ्या तपासण्यांना वाटून दिले. एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय कमी झाले, हा निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये आला. गावोगावची ती तपासणी प्रशिक्षित प्रसविकांच्या हातांनी झाली होती. हा पेपर मिळवून त्यातला पद्धतीचा भाग दोनदा वाचा. यादृच्छिक गट, नियंत्रण गट, नमुना संख्या या गोष्टी पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतात.

प्रश्न पक्का करण्याआधी निदान तीन महिने वाचन करा. पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायचं संकेतस्थळ, फुकट आहे. भारतातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर मिळतात. तुमच्या विषयावर आधीच चार प्रबंध झाले असतील तर ते प्रवेशाआधी कळलेलं बरं. सरकारी संस्थेत असाल तर २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तुमच्या ग्रंथालयाला काय मिळतं ते ग्रंथपालांना विचारा. संदर्भ साठवायला झोटेरो वापरा. पहिल्या लेखापासून वापरा, कारण दोनशे लेख झाल्यावर ते काम मागे जाऊन करणं म्हणजे शिक्षाच आहे.

गाईड आणि विद्यापीठ

नव्या माणसाचा इथे एक गोंधळ होतो. आपल्या शहरात २००४ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे, पण नर्सिंगचा रस्ता तिकडून जात नाही. राज्यातली नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षाही त्यांची. दुसरा रस्ता अभिमत विद्यापीठांचा. पुण्याचं भारती विद्यापीठ, कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ, सीमेपलीकडे बेळगावचं केएलई, ही सोलापूरकरांना त्यातल्या त्यात जवळची. त्यांच्या परीक्षा, फी आणि नियम आपापले. तिसरा रस्ता नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय पीएचडी कन्सॉर्शियमचा, जो बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने उभा राहिला. जाहिरात आली की त्याचीही पात्रता तपासून ठेवा.

गाईड शोधताना नावाच्या वजनाला भुलू नका. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले लेख वाचा आणि तुमच्या प्रश्नाला ती पद्धत जवळची आहे का ते बघा. मग दोन गोष्टी न लाजता विचारा. पहिली, जागा आहे का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. दुसरी, निवृत्ती कधी आहे? तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणखी एक चौकशी त्यांच्याकडे नको, त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांकडे करा : पाठवलेलं प्रकरण तपासून किती दिवसांत परत येतं? या एका उत्तरावर तुमची दोन वर्षं इकडची तिकडे होऊ शकतात.

पहिला ईमेल छोटा ठेवा. आपण कोण, कुठे काम करतो, प्रश्न काय, तो याच मॅडमकडे किंवा सरांकडे का आणला, आणि सोबत दोन पानांची टिपणी. व्हॉट्सॲपवर "गुड मॉर्निंग मॅम, आय वॉन्ट टू डू पीएचडी" असा मेसेज टाकू नका. अशा मेसेजना उत्तर येत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही.

प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क

हा भाग वाटतो तितका अवघड नाही. यूजीसीच्या चौकटीत पात्रता पदव्युत्तरला ५५ टक्के अशी आहे आणि राखीव प्रवर्गाला ५ टक्के सवलत आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात. लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) विषययादीत नर्सिंग नाही, त्यामुळे ती वाट शोधत बसू नका. संख्याशास्त्र कच्चं असेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांचं असतं, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक कोर्स ऑनलाइन करा. तो शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी आहे.

प्रवेशानंतर निदान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं, त्यातच २ क्रेडिट संशोधन आणि प्रकाशन नीतीचे. कालावधी कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. महिला संशोधकांना २ वर्षं वाढवून मिळू शकतात आणि बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे माहीत असूद्या, कारण कुणी आपणहून सांगत नाही. प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची नियमावली असते. ती डाउनलोड करून पूर्ण वाचा. कंटाळवाणी असली तरी.

तीन भाषांचं शहर

सोलापुरात संशोधन करणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा, कारण बाहेरच्या गाईडना ही अडचण सहसा माहीत नसते. विडी घरकुलात किंवा अशोक चौकाच्या आसपास गेलात तर घरात तेलुगू. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कितीतरी गावांत कन्नड. बाजारात आणि दवाखान्यात सगळे मराठी बोलतात म्हणून मराठी प्रश्नावली चालेल असं वाटतं. भाजी घेण्यापुरती भाषा वेगळी आणि "गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं" याचं उत्तर देण्याची भाषा वेगळी. सासूसमोर, परक्या भाषेत विचारलेल्या अशा प्रश्नाला बाई "काही नाही, बरं आहे" एवढंच म्हणते आणि तुमच्या तक्त्यात ती निरोगी म्हणून नोंदली जाते.

काम असं करा. मूळ मापनपट्टीच्या, म्हणजे तयार प्रश्नावलीच्या, लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या, काही पट्ट्यांना फी असते. दोन जाणकार वेगवेगळे बसून भाषांतर करतील. दोन्ही एकत्र करून जो मसुदा होईल तो, मूळ पट्टी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्या. फरक दिसेल तिथे सगळे मिळून बसा. मग विषयतज्ज्ञांकडून प्रत्येक प्रश्नाची समर्पकता तपासून घ्या. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असतील तर प्रत्येक प्रश्नाचा निर्देशांक, म्हणजे तो समर्पक मानणाऱ्या तज्ज्ञांचं प्रमाण, निदान ०.७८ यावा. त्यानंतर त्याच वस्तीतल्या आठ-दहा बायकांना प्रश्न वाचून दाखवा आणि "तुम्हाला यातून काय समजलं?" असं विचारा. शेवटी पथदर्शी (छोट्या चाचणी) अभ्यासात क्रॉनबाख अल्फा, म्हणजे पट्टीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, काढा, तो साधारण ०.७ च्या वर हवा. हे मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्हींसाठी करायचं असेल तर सहा महिने सहज जातात. वेळ नसेल तर अभ्यास एका भाषेच्या गटापुरता ठेवा आणि तसं प्रबंधात स्पष्ट लिहा. प्रामाणिक मर्यादा परीक्षकाला चालते. ओढूनताणून मोठा केलेला नमुना मात्र तो बरोबर पकडतो.

डेटा घ्यायची वेळसुद्धा वस्तीकडून शिका. विडी कामगार बाई तयार विड्या जमा करायला कारखान्यात गेलेली असते तेव्हा तुम्ही दारात उभं राहून उपयोग नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत आणि आषाढीला तर तुमचे सहभागी, तुमचे सहकारी आणि तुम्ही स्वतः, कुणीच मोकळं नसतं. वर्षाचं वेळापत्रक मांडताना हे आठवडे आधीच खोडून टाका.

परवानग्यांची रांग

नीती समितीची मंजुरी हातात येण्याआधी एकाही माणसाकडून माहिती घ्यायची नाही. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नीती मार्गदर्शक तत्त्वं वाचल्याशिवाय अर्ज लिहू नका. संमतीपत्र सहभागीच्या भाषेत हवं. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना तटस्थ साक्षीदार समोर हवा, आणि तो तुमच्या टीममधला नको. अभ्यासात काही उपाय करून बघणार असाल, मग तो पायाच्या व्यायामाचा का असेना, तर पहिला सहभागी घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणी करा. मागाहून केलेली नोंदणी चांगली नियतकालिकं स्वीकारत नाहीत.

यापुढच्या परवानग्या जागेप्रमाणे बदलतात. सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात काम करायचं तर अर्ज डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं तर जिल्हा आरोग्य अधिकारी, शहरातल्या नागरी केंद्रांसाठी महापालिकेचे आरोग्य अधिकारी. कागदावरची सही वरून येते, पण तुमचा अभ्यास चालणार की अडणार हे वॉर्डातल्या परिसेविकेवर असतं. अधिसेविका मॅडमना आधी भेटा, वॉर्डातल्या अधिपरिचारिकांना सकाळच्या ओव्हरनंतर (पाळी बदलताना रुग्ण सोपवून झाल्यावर) पंधरा मिनिटं घेऊन सगळं समजावून सांगा. त्यांचं काम वाढणार असेल तर तेही सांगा. लपवलंत तर दुसऱ्याच आठवड्यात तुमचे फॉर्म कोरे परत येतील.

नोकरीत असाल तर प्रवेशअर्ज योग्य मार्गानेच पाठवा. ना हरकत प्रमाणपत्राशिवाय अर्धवेळ पीएचडीला प्रवेश मिळत नाही, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागणारा वेळ फॉर्मच्या मुदतीत बसत नाही. जाहिरातीची वाट न बघता अर्ज आधीच देऊन ठेवा. पूर्णवेळ करणार असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींपैकी तुमच्या प्रवर्गाची कुठली ते बघा. पीएचडीची नोंदणी झाल्याचं पत्र हे त्यातलं महत्त्वाचं कागदपत्र.

शिकवणं वेगळं शिकावं लागतं

पीएचडी झालेला माणूस आपोआप चांगला शिक्षक होतो या समजुतीने आपल्या कॉलेजांचं बरंच नुकसान केलंय. नियमही आता हे मानतात. २०२२ च्या यूजीसी नियमांत संशोधकाला अध्यापनाचं प्रशिक्षण आहे, आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं वा संशोधन साहाय्याचं काम देण्याची सोय आहे. प्राचार्यांकडे स्वतः जाऊन मागा : एक थिअरीचं युनिट, एक क्लिनिकल ग्रुप. कौन्सिलच्या निकषात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे, प्रत्यक्षात तुमच्यापुढे किती येतील ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम आता आठ सेमिस्टरचा आणि क्रेडिटवर चालणारा आहे. जुन्या वहीतल्या नोट्स फळ्यावर उतरवून तो पुरा होत नाही. एका तासाचा लेसन प्लॅन करताना आधी ठरवा की तास संपल्यावर मुलीला काय करता आलं पाहिजे. "इंजेक्शनविषयी माहिती" असं न लिहिता "कोपराखालची योग्य शीर निवडून कॅन्युला बसवेल आणि सूज तपासेल" असं लिहा. मग त्याच वाक्यावरून ओएससीईचं (टप्प्याटप्प्याने घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेचं) स्टेशन तयार होतं, त्याच वाक्यावरून चेकलिस्ट. प्रश्नपत्रिका काढायला बसण्याआधी कुठल्या युनिटला किती गुण याचा तक्ता करा, नाहीतर नकळत आपल्या आवडत्या युनिटवर निम्मा पेपर जातो.

आपल्या वर्गात माढा, करमाळा, मंगळवेढ्याहून आलेल्या मराठी माध्यमाच्या मुली असतात. पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, रुग्ण मराठी-तेलुगू-कन्नड. मी तरी संकल्पना मराठीत, संज्ञा इंग्रजीत आणि लेखी सराव पूर्ण इंग्रजीत असं करावं म्हणते. संपूर्ण तास इंग्रजीत घेऊन मुली माना डोलावतात तेव्हा त्यांना कळलं असं समजू नये. वॉर्डात शिकवताना आधी रुग्णाची परवानगी घ्या, त्याच्या आजाराबद्दल त्याच्या उशाशी उभं राहून सात जणींसमोर बोलू नका, आणि चुकलेल्या मुलीला नातेवाइकांदेखत रागावू नका. ते ड्यूटी रूममध्ये.

संशोधन आणि शिकवणं यांची सांगड घालता आली तर वेळ वाचतो. तुमच्या विषयावरचा एक लेख दर महिन्याला विद्यार्थिनींबरोबर जर्नल क्लबमध्ये वाचा. तुमच्या डेटातली नावं काढून टाकलेली छोटी फाइल देऊन जामोवी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर सरासरी आणि टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) काढायला लावा. जामोवी फुकट आहे, आणि दुसऱ्याला शिकवताना तुमचं संख्याशास्त्रही पक्कं होतं. सगळं विश्लेषण पैसे देऊन बाहेर करून घेणाऱ्यांची मौखिक परीक्षेत फजिती होते ती इथेच.

लिहिणं, छापणं आणि फाइल

रोज थोडं लिहा. रात्रपाळीच्या आठवड्यात जमणार नाही, ते धरूनच चाला. पुण्याला गाईडकडे जाता-येताना हुतात्मा एक्स्प्रेसमधले तास लेख वाचायला चांगले.

लेख छापताना घाई करू नका. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आहे. आठवड्यात छापून देतो, फी आधी भरा असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. संपादक मंडळावरच्या एक-दोघांची नावं शोधून ती माणसं खरी आहेत का बघा, पबमेड किंवा स्कोपसवर ते नियतकालिक आहे का बघा. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे बघण्याच्या) १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण टक्का कमी करण्यासाठी वाक्यं फिरवत बसण्यापेक्षा मुळातच पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहावं.

पहिल्या दिवसापासून एक जाड फाइल ठेवा. नीती समितीचं पत्र, ट्रायल रजिस्ट्रीचा क्रमांक, परवानगीपत्रं, सहामाही सादरीकरणाचे अहवाल, कोर्सवर्कची गुणपत्रिका. त्याच फाइलच्या दुसऱ्या भागात नोकरीची कागदपत्रं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण, नेमणुकीचं पत्र, रुजू अहवाल आणि विद्यापीठाने शिक्षक म्हणून दिलेली मान्यता. अनुभव प्रमाणपत्रावर पद, कुठल्या अभ्यासक्रमाला शिकवलं ते आणि दोन्ही तारखा असल्याच पाहिजेत. संस्था सोडतानाच ते घ्या, कारण चार वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि क्लार्कला तुमचं नाव आठवत नाही. मौखिक परीक्षा झाल्यावर, पदवी हाती येण्याआधी विद्यापीठाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर ही पदवी यूजीसीच्या नियमांनुसार दिली जात असल्याचा उल्लेख आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी वाचून घ्या आणि त्याच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा.